नदी, टेकडी आणि सोमवारची नस्ती : पुण्यात पर्यावरणाचा हिशेब नेमका कोणाकडे मागायचा?

मुठाकाठ (धागाकर्ता)

एप्रिल २०२३ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने पुण्यात दोन मोर्चे निघाले. पहिला वेताळ टेकडीसाठी होता आणि दुसरा नदीकाठच्या झाडांसाठी, जंगली महाराज रस्त्यावरील संभाजी उद्यानापासून निघालेला. दोन्हींत मी चाललो. पुणेकर एवढ्या संख्येने रस्त्यावर उतरतो तो गणपतीत किंवा पालखीच्या दिवशी; टेकडीसाठी तो उतरला याचे अप्रूप मला आजही वाटते. मात्र तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे. मोर्चाने ज्याला प्रश्न विचारला, तो उत्तर देण्यास बांधील असलेला माणूस नेमका कोण होता?

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा अशा मिळून सुमारे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. प्रकल्पाचा खर्च ४,७०० कोटी रुपयांच्या घरात आहे. याच नदीत जाणारे मैलापाणी शुद्ध करण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रे उभारण्याची योजना मात्र त्याआधीची, २०१६ साली मंजूर झालेली, ९९० कोटींची, आणि ती जानेवारी २०२२ पर्यंत पूर्ण व्हायची होती. म्हणजे काठाच्या सुशोभनाची कुदळ पडली तेव्हा पाणी स्वच्छ करण्याची मुदत उलटून गेलेली होती. आधी काठ आणि मग पाणी हा क्रम कोणत्या बैठकीत, कोणाच्या सहीने ठरला, हे विचारणे मला कोणत्याही घोषणेपेक्षा महत्त्वाचे वाटते.

कायद्यात उत्तरदायित्वाची सोय नाही असे नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा सद्यस्थिती अहवाल महापालिकेच्या सभेपुढे ठेवायचा असतो. सभेने तो वाचावा, नगरसेवकांनी प्रश्न विचारावेत, आयुक्तांनी उत्तरे द्यावीत, अशी ती रचना आहे. परंतु १५ मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पुण्यात नगरसेवकच नव्हते. प्रशासक म्हणून सभेचे अधिकारही आयुक्तांकडेच होते. प्रश्नपत्रिका आपणच काढायची, आपणच सोडवायची आणि आपणच तपासायची, असा तो काळ होता. टेकडी आणि नदी या दोन्हींविषयीची चळवळ याच काळात पेटली, हा मला योगायोग वाटत नाही. प्रभागातल्या नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता येत नव्हते, म्हणून लोक रस्त्यावर आले.

आता स्वतःचा एक अनुभव. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची प्रथा पुणे महापालिकेत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने ती जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. एका सोमवारी मी एका सरकारी कार्यालयात वृक्षतोडीच्या एका प्रकरणाची नस्ती, म्हणजे फाईल, पाहिली. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मुद्दा त्या कार्यालयाचा नाही. नागरिकांच्या सगळ्या हरकतींना एकच उत्तर टंकलिखित केलेले होते : ‘प्रस्ताव नियमानुसार आहे.’ पुढे एका पानावर कनिष्ठ कर्मचाऱ्याने निळ्या शाईत लिहिले होते, ‘जागेवर समक्ष पाहणी करणे आवश्यक वाटते.’ त्याच्या बाजूला, समासात, दुसऱ्या हस्ताक्षरात दोनच शब्द होते : ‘चर्चा करावी.’ खाली आद्याक्षरे होती, तारीख नव्हती. पुढच्या पानावर परवानगी होती.

ती चर्चा झाली की नाही, हे नस्तीतून कळत नाही. माझा प्रश्न असा आहे की आपल्या चळवळींनी अशा दोन शब्दांचा पाठपुरावा करायला शिकावे का, की ते वकिलांवर सोडून आपण मोर्चेच काढावेत?

पौड रोडकर

धाग्याचा विषय चांगला आहे, परंतु मी दुसऱ्या बाजूचा आहे हे आधीच सांगतो. वेताळ टेकडीवरून जाणारा बालभारती ते पौड फाटा हा रस्ता १९८७ च्या विकास आराखड्यापासून कागदावर आहे. मी रोज पौड रस्त्यावरून सेनापती बापट रस्त्याला जातो. नळ स्टॉपच्या चौकातून विधी महाविद्यालय रस्त्याला वळेपर्यंत संध्याकाळी काय होते, हे टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी एकदा येऊन पाहावे. माझी आई डायलिसिसवर होती तेव्हा आठवड्यातून दोनदा हा प्रवास होता. गाडीत मागे बसलेली आई काही बोलत नसे, फक्त दर वेळी घड्याळ पाहत असे.

उत्तरदायित्वाची भाषा दोन्हीकडे लागू व्हावी एवढेच माझे म्हणणे आहे. रस्ता अडवणाऱ्यांनीही, तो न झाल्यामुळे रोज जळणाऱ्या इंधनाचा हिशेब द्यावा. तो धूरही हवामानातच जातो. आणि टेकडीलगतच्या सोसायट्यांमधील किती चळवळ्या घरांत दोन-दोन गाड्या उभ्या आहेत, हा प्रश्न उद्धट वाटला तरी मी विचारणारच.

निवृत्त पाटकरी

मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे नोकरी केली. प्रथम त्या दोन शब्दांविषयी सांगतो, कारण ते मीही अनेकदा लिहिले आहेत. ‘चर्चा करावी’ याचे खात्यात तीन अर्थ होतात. पहिला, खरोखरच समोर बसून बोलायचे आहे. दुसरा, हे लेखी नको, तोंडी सांगतो. तिसरा अर्थ असा की खालच्या माणसाने खरे लिहिले आहे आणि त्याला वाचवायचे असेल तर विषय येथेच थांबवलेला बरा. तारीख नसेल तर बहुधा दुसरा किंवा तिसरा. मोर्चेकरी मंडळींना हे ठाऊक नसते, आणि खात्यातील माणसे ते बाहेर सांगत नाहीत.

आता नदीविषयी, थोडे सविस्तर. पूररेषा दोन असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पसरेल ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत जाईल ती लाल रेषा. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळ्यापासून लाल रेषेपर्यंतचा नियंत्रित. या रेषा जुन्या पावसाच्या आणि जुन्या विसर्गाच्या नोंदींवरून काढलेल्या असतात. थोड्या तासांत खूप पाऊस पडण्याचे प्रकार वाढत चालले असतील, तर ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांचा अर्थच बदलतो. नकाशावरची रेषा मात्र जागची हलत नाही. हवामानबदल पुण्यात शिरतो तो या फटीतून.

२५ जुलै २०२४ चे उदाहरण घ्या. खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली. बचावासाठी लष्कराला यावे लागले. पंचवीस वर्षांच्या पुरासाठी गृहीत धरलेल्या विसर्गापेक्षा हे पाणी कमी होते. मग ते इमारतींच्या तळमजल्यांत कसे शिरले? एक कारण असे की धरणाखालच्या मुक्त पाणलोटात, म्हणजे थेट शहरावर आणि ओढ्यांवर, त्याच रात्री मुसळधार पाऊस झाला आणि ते पाणी धरणाच्या हिशेबात कोठेच येत नाही. दुसरे कारण असे की पात्र आता पूर्वीएवढे मोकळे राहिलेले नाही. राडारोड्याचे ट्रक रात्री नदीत रिकामे होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक मीटर भराव म्हणजे पाण्याच्या पातळीत काय फरक, हे समजायला अभियंता असावे लागत नाही. भरलेल्या बादलीत विटा टाकून पाहिल्या तरी पुरे.

त्याच परिसराचा एक जुना निकाल फार थोड्या लोकांना आठवतो. विठ्ठलवाडीपासून वारज्याच्या बाजूच्या महामार्गापर्यंत नदीपात्रातून २४ मीटर रुंदीचा रस्ता भराव टाकून केला जात होता. नागरिकांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली आणि जुलै २०१३ मध्ये निळ्या रेषेतील भराव काढण्याचा आदेश झाला. म्हणजे नदीचे पात्र अरुंद करणे धोक्याचे आहे हे एकतानगरीत पाणी शिरण्याच्या अकरा वर्षे आधी लेखी झालेले होते.

नदीकाठ सुधार प्रकल्पातील बांधांमुळे पूरपातळी वाढणार नाही, काही ठिकाणी ती कमीच होईल, असे प्रकल्पाच्या बाजूने मांडले जाते. तसे असेलही. पण कोणता विसर्ग, पात्राचा कोणता खडबडीतपणा आणि ओढ्यांचे किती पाणी धरून हे गणित केले, ती आकडेमोड उघडी ठेवावी. आकडेमोड चूक आहे असे मी म्हणत नाही. ती तपासता यावी, एवढेच म्हणतो. खात्यात असताना हे म्हणायचे धाडस मला झाले नाही, हेही येथे नोंदवतो.

मुठाकाठ (धागाकर्ता)

निवृत्त पाटकरी, शेवटच्या वाक्याबद्दल आपले आभार. ‘चर्चा करावी’चा तिसरा अर्थ वाचून ती निळी शाई पुन्हा डोळ्यांपुढे आली.

पौड रोडकर, आपल्या आईंविषयी वाचून वाईट वाटले आणि आपला राग मला अनाठायी वाटत नाही. परंतु वनाज ते रामवाडी मेट्रो आता याच पौड रस्त्यावरून धावते. १९८७ साली ती कोणाच्या स्वप्नातही नव्हती. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी आखलेल्या रस्त्याची गरज आजच्या आकड्यांवर पुन्हा सिद्ध करा, ही मागणी म्हणजे रस्ता अडवणे नव्हे. गाड्यांविषयीचा टोला मात्र मान्य. आमच्या घरातही दोन आहेत.

इंद्रायणीकाठ

पुण्याची चर्चा नदीपलीकडे पिंपरी-चिंचवडमध्येही यावी म्हणून लिहितो. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले १७ मे २०२५ रोजी महापालिकेने जमीनदोस्त केले. हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला आणि पाच कोटी रुपयांची पर्यावरण भरपाईही बसली. पर्यावरणाच्या बाजूने झालेला हा विजयच आहे, आणि मीही तो तसाच मानतो.

तरीही त्या दिवशी मी तेथे गेलो होतो. जेसीबीने एका घराची पुढची भिंत काढली, तेव्हा आतल्या स्वयंपाकघराचा ओटा आणि त्यावरच्या पांढऱ्या टाइल्स जशाच्या तशा उघड्या पडल्या. एका हुकाला चहाची गाळणी अडकवलेली होती. बांधकामांना परवानगी नव्हती हे खरे. पण ३६ बंगले एका रात्रीत उभे राहत नाहीत. त्या भागात बांधकामावर लक्ष ठेवणारे कोणी तरी असते, वीजजोड देणारे कोणी तरी असते, दस्त नोंदवणारे कोणी तरी असते. भूखंड पाडून विकणारा असतो तो वेगळाच. साखळीतील शेवटच्या माणसाचे घर पाडले की उत्तरदायित्व पूर्ण झाले, असे मानायला मी तयार नाही. धागाकर्त्यांचा सहीचा मुद्दा मला म्हणूनच पटतो : भिंतीवर हातोडा पडतो, सहीवर पडत नाही.

कलम-उपकलम

मी वकिली करते. काही गोष्टी नेमकेपणाने सांगते, कारण चळवळीतील अनेक प्रकरणे मुद्द्यावर नव्हे तर मुदतीवर हरतात.

झाड तोडण्याच्या प्रस्तावाची सूचना झाडावर लावावी लागते आणि हरकतींसाठी मिळतात सात दिवस. हरित न्यायाधिकरणात मूळ अर्ज करायचा तर वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील करायचे असेल तर अवघे तीस दिवस, वर साठ. ही दारे बंद झाल्यावर कितीही मोठा मोर्चा काढला तरी ती उघडत नाहीत. भरपाईची मागणी नसेल तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे, आणि पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. तरी लोक माझ्याकडे येतात ते दीड वर्षाने, वर्तमानपत्रातील कात्रणांची जाड फाईल घेऊन. कात्रणांऐवजी झाडावरील सूचनेचा तारखेसह काढलेला एक फोटो आणला असता तर मी जास्त उपयोगी पडले असते.

मोठा संदर्भही आहे. माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४ आणि २१ या अनुच्छेदांत पाहिला. हे फार मोलाचे आहे. परंतु असा हक्क सात दिवसांची मुदत वाढवून देत नाही.

सालई

मी वेताळ टेकडीवर पंधरा वर्षे झाडांच्या नोंदी ठेवते आहे. वर निळ्या शाईचा उल्लेख आला. झाडावरच्या सूचनेचेही असेच असते. आमच्या भागात एका पिंपळावर लावलेली सूचना माणसाच्या डोक्यावर चांगली हातभर उंच ठोकलेली होती, तिच्यापुढे दिवसभर एक टेम्पो उभा असे आणि कागदावर हरकतीची अंतिम तारीख लिहायची जागा कोरी होती. सात दिवस मोजायचे कोठून? आम्ही तीन जणांनी टेम्पोच्या टपावर चढून फोटो काढला. टेम्पोवाल्याने उतरताना हात दिला आणि विचारले, “ताई, हा पिंपळ जाणार आहे होय?” तो रोज त्याच्याच सावलीत गाडी लावत होता.

वृक्षसंरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने काही चांगल्या गोष्टी आणल्या. पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो, आणि झाड तोडायचे तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावून सात वर्षे जोपासायची असतात. येथे खरी मेख आहे ती वय ठरवण्यात. चाळीस लिहिले तर चाळीस झाडे, साठ लिहिले तर साठ आणि वर वारसा. वय लिहिणारा हात कोणाचा, हे पाहायला सोमवारची वेळ उत्तम.

दुसरे, झाडांच्या संख्येने मोजणी करण्याला माझा विरोध आहे आणि तो आपल्या बाजूच्या लोकांशीही आहे. टेकडीवरचा मोठा भाग लागवडीतल्या गिरिपुष्पाने व्यापलेला आहे. हे बाहेरून आणलेले झाड आहे; त्याच्याखाली येथले फारसे काही उगवत नाही. माथ्यावरच्या गवताळ कातळात झाडे नाहीत, म्हणून ती जागा ‘ओसाड’ ठरते. प्रत्यक्षात पावसाळ्यात तेथेच पाणी भेगांतून आत मुरते आणि खालच्या वस्त्यांच्या विहिरींना व विंधनविहिरींना मिळते. टेकडीखालून बोगदा झाला तर वरचे एकही झाड न तोडता हे पाणी वळू शकेल, मग भरपाई किती रोपांची मागायची? नदीकाठच्या वाळुंज या झाडाचेही तेच. वाळुंज पुरात वाकतो, पुन्हा उभा राहतो, मुळांनी काठ धरून ठेवतो. त्याच्या बदल्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला लावलेली दहा रोपे काठ धरायला येत नाहीत.

अंधेरी लोकल

मुंबईकडून थोडेसे. आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री तोड सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत २,१४१ झाडे गेलेली होती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये, ८४ झाडांची परवानगी असताना वाढीव झाडांसाठी परस्पर वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल त्याच न्यायालयाने मेट्रो कंपनीला दहा लाख रुपये भरायला लावले. वाढीव तोडीची परवानगी मात्र दिली. म्हणजे दंडही आणि झाडेही. मुंबई महापालिकेचा २०२२ चा हवामान कृती आराखडा आहे, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे, २०२४ पासून स्वतंत्र हवामान अर्थसंकल्पही आहे. त्यातील बरेचसे आधीच होणाऱ्या खर्चावर लावलेली हिरवी पाटी आहे असे माझे मत आहे, तरीही मला ते उपयोगी वाटते. पाटी लावली की निदान विचारता येते की ही पाटी येथे कशी.

पौड रोडकर

सालई यांचा प्रतिसाद वाचून दोनदा विचार केला. पाणी मुरण्याचा मुद्दा मी आजवर गंभीरपणे घेतला नव्हता. आमच्या सोसायटीच्या बोअरला मे महिन्यापर्यंत पाणी असते ते टेकडीमुळे, हे आमच्या जुन्या वॉचमनने मला सांगितलेले आठवते. रस्त्याविषयीचे मत बदललेले नाही. परंतु वाहतुकीचा अभ्यास आणि भूजलाचा अभ्यास एकाच टेबलावर ठेवून निर्णय व्हावा, या मागणीच्या अर्जावर मी सही करीन. मोर्चात येणार नाही.

मुठाकाठ (धागाकर्ता)

मोर्चात न येता सही करणारे लोक आम्हाला मोर्चातल्या लोकांइतकेच हवे आहेत, म्हणून पौड रोडकरांची अट मान्य.

वरच्या प्रतिसादांवरून मी एक अर्ज तयार केला आहे. त्यात मागण्या चारच आहेत : नदीकाठ प्रकल्पाच्या पूरगणितातील गृहीत विसर्ग आणि ओढ्यांचे धरलेले पाणी, टेकडीवरील रस्त्यासाठी झालेल्या वाहतूक अभ्यासाची प्रत आणि त्यात मेट्रोचे प्रवासी धरले आहेत का, गेल्या चार वर्षांचे पर्यावरण सद्यस्थिती अहवाल कोणत्या तारखेला, कोणत्या सभेपुढे ठेवले, आणि वृक्षतोडीच्या प्रस्तावांत झाडांचे वय कोणी, कोणत्या पद्धतीने निश्चित केले. कलम-उपकलम यांनी तो एकदा नजरेखालून घालावा अशी विनंती आहे. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न माहिती अधिकारात उडवले जातात, म्हणून सगळे प्रश्न कागद मागणारेच ठेवले आहेत.

त्या जुन्या नस्तीसाठी वेगळा, एका ओळीचा अर्ज केला आहे. ‘चर्चा करावी’ या शेऱ्यानंतर झालेल्या चर्चेचा दिनांक आणि उपस्थितांची पदनामे द्यावीत, एवढेच त्यात लिहिले आहे.

येत्या सोमवारी पावणेतीनला मी महापालिका भवनाच्या मुख्य दाराशी असेन. येणाऱ्यांनी ओळखपत्र, वही आणि सुटे पैसे आणावेत; छायाप्रतीचे पानाला दोन रुपये पडतात आणि पाचशेची नोट दिली की पाऊण तास तेथेच जातो. निवृत्त पाटकरी, आपण आलात तर समासातली हस्ताक्षरे वाचायला मोठी मदत होईल.

निवृत्त पाटकरी

येतो. नस्ती हातात आली की आधी पृष्ठक्रमांक मोजा, मग वाचायला लागा.